कडेवर बाळ

श्यामबाजारच्या डेपोतून ट्राम निघाली तेव्हा तिनं दिलेला हिसका माझ्या ओळखीचा होता. तो आधी पुढे नाही, मागे बसतो; पाऊल उचलण्याआधी गाडी टाच दाबून बघते जणू. लाकडी बाकावर माझी पाठ त्या हिसक्यासाठी आपोआप ताठ झाली, आणि तेवढ्यात मांडीवरच्या पर्समध्ये फोन थरथरला. गुवाहाटीहून दादाचा निरोप होता. ‘टुकू, तुझ्याकडे बाबांचा आवाज आहे का कुठे? झिमलीला हवाय. माझ्याकडे एकही नाही.’ झिमली दादाची मुलगी, अकरा वर्षांची. मी फोनमध्ये शोधायला लागले. बाबांचे फोटो पुष्कळ होते. स्वेटरमधले, मुरमुऱ्यांची वाटी हातात घेतलेले, औषधांच्या चिठ्ठ्यांच्या मधेमधे आलेले. एक हलतं चित्र झिमलीच्या वाढदिवसाचं होतं. त्यात बाबा मागच्या खुर्चीत बसलेले, काहीतरी बोलायला तोंड उघडतात आणि नेमक्या त्याच क्षणी सगळे टाळ्या वाजवतात. ते मी तीनदा लावून बघितलं. मग फोन ठेवला, डोळे मिटले आणि स्वतःच्या आत शोधलं. ‘टुकू, छत्री घे.’ ‘टुकू, भात निवतोय.’ शब्द सगळे आले, ओळीनं आले, पण छापून आल्यासारखे. त्यांना आवाज नव्हता. मी जन्मभर वाचत आणि शिकवत आलेली बाई. माझ्या डोक्यात माणसं बोलतात ती कागदावर बोलल्यासारखीच. पण बाबाही तसेच होऊन बसलेत, हे मला त्या बाकावर बसेपर्यंत ठाऊक नव्हतं. त्यांना जाऊन चार महिने झाले होते.

“कुठे?” कंडक्टर समोर उभा होता. पंचावन्नच्या पुढचा, कानावर केस पांढरे झालेला.

“शेवटपर्यंत. एस्प्लेनेड.”

“दिदी, घाई असेल तर मेट्रो तिकडे खाली आहे. हिला लागेल तेवढा वेळ लागेल.”

“घाई नाही.”

“मग बरोबर गाडीत बसलात. फोटो काढायचेत ना? उजव्या बाजूला बसा, ऊन नाही त्या बाजूला.” आणि त्यानं तिकिटांच्या गठ्ठ्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. कर्रर्र. तो आवाज मात्र माझ्या आत जसाच्या तसा होता. बाबा घरीसुद्धा वहीच्या, पंचांगाच्या, माझ्या पाठ्यपुस्तकाच्या कडेवरून अंगठा असाच फिरवायचे, आणि आई म्हणायची, “अहो, ती तिकिटं नाहीत, तिचा भूगोल आहे.” आईचा आवाज ऐकू आला. अंगठ्याचा आला. बाबांचा नाही.

अनाथबंधू हालदार, माझे बाबा, एकतीस वर्षं ट्रामचे कंडक्टर होते, आणि त्यातली बहुतेक वर्षं ह्याच रुळांवर, श्यामबाजार ते एस्प्लेनेड. मी ह्या शहरात जन्मले, वाढले आणि सत्तावीस वर्षांपूर्वी राँचीच्या कॉलेजात नोकरी लागली म्हणून निघून गेले. आता इथे येते ती पाहुणी म्हणूनच. ह्या खेपेला बाबांच्या पेन्शनचे कागद बंद करायला आले होते. काल एका खिडकीतून मृत्यूचा दाखला आत सरकवला आणि दुसऱ्या खिडकीतून शिक्का मारलेली पोच बाहेर आली; दोन्ही माणसं माझ्याशी चांगलं वागली. आज संध्याकाळची गाडी होती. मधला दिवस मोकळा होता, आणि मी स्वतःला सांगितलं होतं की ट्राममध्ये बसायचं ते बाबांसाठी. शेवटची दोन वर्षं ते राँचीला माझ्याकडे होते; तेव्हा त्यांनी पाटीवर तीनदा लिहून दाखवलं होतं, ‘एकदा ट्राम.’ मी तिन्ही वेळा म्हटलं होतं, दुर्गापूजा होऊ द्या, मग जाऊ. पाटीवर, कारण गळ्याच्या ऑपरेशननंतर त्यांना बोलता येत नव्हतं. आवाज गेला तेव्हा डॉक्टर म्हणाले, जीव तर राहिला. खरंच होतं ते. आम्ही सगळे इतके आनंदलो की गेलेल्याकडे कुणी वळून पाहिलं नाही. दोन वर्षांची ती शांतता मागे मागे सरकत गेली असावी, आणि तिनं आधीची पंच्याहत्तर वर्षंही पुसून टाकली.

हातीबागानला गाडी बाजारात शिरली. इथे रूळ आणि भाजीवाले ह्यांच्यात एक जुना समझोता आहे. फ्लॉवरचे ढीग रुळांपासून बरोबर चार बोटं लांब. ट्राम आली की भाजीवाला टोपली नुसती गुडघ्यानं सरकवतो, वर बघतही नाही. ट्रामही त्याला घंटी देते ती दटावण्यासाठी नाही, मान हलवून ओळख द्यावी तशी. ड्रायव्हरच्या पायाखालची घंटी, टँग टँग. मला तिचा नेहमी अभिमान वाटत आला आहे, का ते सांगता येणार नाही. मोटारींचे हॉर्न काहीतरी मागत असतात. ही घंटी कुणाकडे काही मागत नाही, मी येतेय एवढंच सांगते. आणि येतेही तशीच. शंभर वर्षांचा रस्ता, त्यावर दोन लोखंडी रेघा, आणि त्या सोडून इकडे तिकडे वळण्याचा मोह जिला कधी झाला नाही अशी ही बाई. खिडकीची लाकडी चौकट हाताखाली थरथरत होती. वर जाळीतला पंखा थंडी असूनही फिरत होता, कारण गाडी चालू म्हणजे पंखा चालू. आजूबाजूला बसलेली माणसं ट्राममध्येच बसतात तशी बसली होती, कुठे पोचायचंय ह्यापेक्षा कुठे बसलोय ह्यात जास्त रमलेली.

माझ्या शेजारी हातीबागानला एक म्हातारी चढून बसली. पांढरी काठाची साडी, मांडीवर केळीच्या पानात बांधलेला जास्वंदीचा हार. बसल्या बसल्या तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“बाहेरची का गं तू?”

“राँचीची.”

“तरीच. इथलं कुणी खिडकीतून असं बघत नाही. काय बघतेस? सगळं पडतंय.”

“मला चांगलं दिसतंय, मासीमा.”

“लांबून आलेल्यांना सगळं चांगलंच दिसतं. माझा जावई पण असाच. येतो, चार दिवस कचोऱ्या खातो, म्हणतो मा, काय तुमचं शहर! म्हटलं, बाबा, राहून बघ. तेव्हा त्याची गाडी सुटत असते.” ती स्वतःच्याच बोलण्यावर खुश होऊन हसली आणि कंडक्टरला म्हणाली, “काय रे सुबल, ठनठनियाला नीट थांबव हो. काल पुढे नेलंस.”

“मासीमा, काल तुम्ही झोपला होतात.”

“मी डोळे मिटून जप करत होते.”

“घोरत घोरत?”

बाकावरची सगळी हसली. मीही हसले, आणि मग गाडी हेदुआच्या तलावाशी आली. तलावाच्या समोर माझी शाळा. गाडी मंदावली. दोन बायका उतरायला उठल्या. सुबलनं दोरी एकदा ओढली, ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या घंटेचा एक टोला पडला, गाडी थांबली. त्या उतरल्या. दोन टोले. गाडी निघाली. कुणी काही ओरडलं नाही. तेव्हा मला लक्षात आलं की श्यामबाजारपासून मी नेमकी कशाची वाट बघत होते.

ह्या शहरात बाईमाणूस गाडीतून उतरायला लागलं की कंडक्टर ओरडायचा, “हळू, लेडीऽज, कडेवर बाळ!” बाळ असो वा नसो. बहुतेक वेळा नसेच. लहानपणी मी बाबांना विचारलं होतं, तुम्ही खोटं का बोलता. ते म्हणाले, बस फुटपाथला लागून थांबते, ट्राम थांबते रस्त्याच्या मध्यात. उतरणारं माणूस आणि फुटपाथ ह्यांच्यामध्ये बस येते, रिक्षा येते, सायकल येते. नुसतं ‘लेडीज’ म्हटलं तर ड्रायव्हर वेग कमी करतो. ‘बाळ’ म्हटलं की त्याचा पाय ब्रेकवर जातो आणि मागची बससुद्धा दचकते. म्हणून प्रत्येक बाईला ते एक बाळ देत. सत्तर वर्षांच्या आजीबाईंना देत, कॉलेजातल्या पोरींना देत, भांडून नवऱ्याच्या पुढे तरातरा उतरणाऱ्या बाईलाही देत. सातव्या वर्षी मला त्या न दिसणाऱ्या बाळांचा हेवा वाटायचा. बाबा एवढ्या काळजीनं सगळ्यांसमोर नाव घेतात ते त्यांचं. उतरणारीच्या चपलांकडे बघून तिला किती वेळ लागेल हे त्यांना कळायचं. दोरी दोन बोटांत नुसती टेकवलेली असायची, आणि उतरलेल्या माणसाचे दोन्ही पाय जमिनीवर आणि मग फुटपाथवर पडलेले बघितल्याशिवाय त्यांनी दोन टोले दिले, असं एकतीस वर्षांत एकदाही झालं नाही. हे ते फुशारकीनं सांगत नसत. आपण कधी उष्टा हात पाण्याच्या घागरीत घातला नाही, अशा सुरात सांगत.

आठवीत असताना एकदा शाळेला जाताना मी तीन मैत्रिणींबरोबर त्यांच्याच गाडीत चढले. मुलींना ठाऊक नव्हतं. मी सांगितलं नव्हतं आणि बाबांनीही ओळख दिली नाही, माझ्या तोंडाकडे बघून त्यांना कळलं असावं. हेदुआला आम्ही उतरायला लागलो आणि ते सवयीनं ओरडले. सगळी गाडी बाळ शोधायला लागली. चित्रलेखा माझ्या कानात म्हणाली, “कुणाचं गं बाळ? तुझं?” आम्ही फिदीफिदी हसलो. आणि दारातून बाबा, त्या दिवशी त्यांना काय झालं होतं कोण जाणे, फार आनंदात असावेत, माझ्या डोक्यावर टपली मारून म्हणाले, “हे काय, माझं.” मुलींचं हसणं थांबलं, आणि मग वेगळं सुरू झालं. संध्याकाळी मी त्यांना सांगितलं, पुन्हा माझ्यासाठी ओरडायचं नाही. ते बूट काढत होते. “बरं,” म्हणाले. एवढंच. त्यानंतर शाळेची दोन आणि कॉलेजची पाच वर्षं मी त्यांच्या गाडीतून कितीदा तरी उतरले. ते दुसरीकडे बघत दोरी ओढायचे. गाडी माझ्यासाठी इतरांपेक्षा जास्त पूर्ण थांबायची, इतकी की बाकीचे चुळबुळ करायचे. पण शब्द नाही. तेव्हा आवाज त्यांच्याकडून डॉक्टरांनी घेतला असं मी इतके दिवस म्हणत आले, ते तितकंसं खरं नव्हतं. माझ्या वाट्याचा तर मी आधीच परत करून टाकला होता.

राँचीला शेवटी शेवटी मी त्यांच्या उशाशी देवघरातली पितळी घंटा ठेवली होती. नियम ठरवायची गरज पडली नाही. एक टोला म्हणजे थांब, इकडे ये. दोन टोले म्हणजे सगळं ठीक आहे, चल. त्या दिवशी सकाळी मी कॉलेजला निघताना दारातून विचारलं, “बाबा, जाऊ ना?” आणि खोलीतून घंटा वाजली. दोनदा. मी गेले. साडेबाराला शेजारणीचा फोन आला. गेले चार महिने मी ते दोन टोले ऐकते आहे. ते दोन होते का? की एकच होता, थांब म्हणणारा, आणि हात थरथरून घंटा पुन्हा वाजली? पहिल्या आणि दुसऱ्या टोल्याच्या मधलं अंतर मी इतक्यांदा मोजलं आहे की आता ते कधी फार लांब होतं, कधी मुळीच उरत नाही. दादाला हे सांगितलेलं नाही. आवाज असता तर ही शंका राहिली नसती. माणूस ‘जा’ म्हणतो किंवा ‘थांब’ म्हणतो.

ठनठनियाच्या काळीमंदिराच्या जरा अलीकडे गाडी एकदम मेली. पंखे मंदावले, दिवे गेले, रुळांचा आवाज विरून बाहेरचा रस्ता आत आला. “सुबलदा, ट्रॉली सुटली!” ड्रायव्हर पुढून ओरडला. छपरावरची लांब दांडी वरच्या विजेच्या तारेवरून निसटली होती. सुबल पुटपुटत उतरला, गाडीच्या मागे गेला, आणि तिथून लोंबणाऱ्या दोरीनं दांडी पुन्हा तारेवर बसवायला लागला. मी खिडकीतून मान काढून पाहिलं. वर बघणारं ते तोंड, दोरी धरलेले दोन हात, पतंग उडवणाऱ्या माणसासारखा मागे मागे जाणारा तोल. बाबा हे एका झटक्यात करायचे. सुबलची दांडी दोनदा तारेला चाटून गेली, ठिणग्या पडल्या. ह्या शहरात ट्राम थांबली, मग कशानंही थांबो, की तो थांबाच समजायचा असतो. मासीमा उठली.

“थांबलीय ना? वीस पावलांवर तर मंदिर आहे. मी निघते. तू बस, बघ तुझं शहर.”

हार छातीशी धरून ती दाराशी गेली आणि पाठमोरी होऊन पायरी पायानं चाचपायला लागली. त्याच वेळी तिसऱ्या प्रयत्नाला दांडी बसली. पंखे घरघरले. आणि मागून सुबलनं, काम झालं म्हणून, गाडीच्या पत्र्यावर हातानं दोन थापा मारल्या. दोन. ड्रायव्हरनं हँडल फिरवलं. टाच दाबणारा तो हिसका मला बाकातून वर येताना जाणवला, डावीकडून एक बस फुटपाथ आणि आमच्यामध्ये घुसताना दिसली, आणि मासीमाचा पाय अजून हवेत होता.

“हळूऽ! लेडीऽऽज! कडेवर बाळ!”

गाडी जागच्या जागी गच्च थांबली. बससुद्धा थांबली. तो आवाज पोटातून निघून जरासा नाकातून गेला होता. ‘लेडीज’च्या मधल्या अक्षरावर तो एक पायरी चढला, आणि ‘बाळ’ हा शब्द त्यानं ओरडताओरडता एकदम खाली ठेवला, झोपलेलं मूल गादीवर ठेवतात तसा. हे शेवटचं मी विसरले होते. बाबा ‘बाळ’ ओरडत नसत. सगळं ओरडत, आणि तेवढा शब्द हळू म्हणत. मी मागे वळून दाराकडे पाहिलं, कोण ओरडलं ते बघायला. पायरीवरच्या मासीमाशिवाय दारात कुणी नव्हतं. माझा गळा दुखत होता.

सगळी गाडी बाळ शोधत होती. “कुठाय बाळ?” पुढच्या बाकावरच्या गृहस्थांनी विचारलं.

“बाळ कसलं, माझा हार आहे!” मासीमा दांडा दोन्ही हातांनी धरून पायरीवरून म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते, तरी बोलणं सुटलं नव्हतं. “ह्या वयात मला बाळ! मा काली, ऐकतेयस ना?”

सुबल धावत आला होता. त्यानं तिला काखेत धरून उतरवलं, बसला हात दाखवून थोपवलं, फुटपाथपर्यंत नेऊन सोडलं आणि परत येऊन दारात उभा राहिला. ड्रायव्हर त्याला म्हणाला, “दादा, थाप देण्याआधी दारात बघायचं असतं.” त्यानं मान खाली घातली. “बघितलं नाही,” म्हणाला. “तीस वर्षं झाली आणि आज बघितलं नाही.” गाडी चालू झाल्यावर तो माझ्याजवळ आला.

“तुम्ही ओरडलात?”

“हो.”

“हे तर जुन्या लोकांचं. राँचीत कुणी शिकवलं?”

“घरीच.”

तो समोरच्या दांड्याला टेकून उभा राहिला. “आम्ही नवीन लागलो तेव्हा ओरडायचो. मग मुली रागवायला लागल्या. म्हणायच्या, बाळ कुठाय, आमची थट्टा करता का? हसायच्या तोंडावर. मग एकेकानं सोडून दिलं.” त्यानं तिकिटांवरून अंगठा फिरवला, पण कुणाला तिकीट द्यायचं नव्हतं. “चांगली पद्धत होती.”

मी खिडकीकडे तोंड केलं. पुस्तकांची दुकानं गेली, मेडिकल कॉलेज गेलं, वेलिंग्टनचं वळण घेताना चाकांनी घातलेली ती लांब किंकाळी गेली. मला सगळं दिसत होतं, आणि सगळं सुंदर होतं. एस्प्लेनेडला उतरून झाडाखाली मातीच्या भांड्यातला चहा घेतला, मग फोनचं ध्वनिमुद्रण चालू केलं आणि तोंडाशी धरून म्हटलं, हळू, लेडीज, कडेवर बाळ. पुन्हा लावून ऐकलं. एक बावन्न वर्षांची प्राध्यापिका हजेरी घेत होती. दोनदा, तीनदा केलं. चहावाला बघायला लागला. बोलावून तो आवाज येणार नव्हता. कुणाचा तरी पाय हवेत असेल तेव्हाच तो येणार. मी दादाला लिहिलं, ‘आवाज आहे. पण पाठवता येत नाही. झिमलीला म्हणावं, भेटल्यावर तिला घेऊन एकदा ट्रामनं जाऊ.’ आणि मघाचीच गाडी वळसा घेऊन परत श्यामबाजारला निघाली होती, तिच्यातच पुन्हा चढले.

“दिदी, काही विसरलं?” सुबल म्हणाला.

“हेदुआला उतरायचंय.”

“हेदुआ? तिथे काय बघणार? तलाव आहे नुसता.”

“मी उतरेन तेव्हा ओरडाल? मघासारखं. मोठ्यानं.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. गंमत करत नाही हे त्याला कळलं. “लोक बघतील,” म्हणाला.

“बघू देत.”

तो पुढच्या बाकांवर तिकिटं द्यायला निघून गेला. तलाव दिसायला लागल्यावर घसा साफ करताना ऐकू आला. शाळा सुटली होती. रस्त्याकडेला दोन वेण्यांचे घोळके उभे होते. मी उठले. एक टोला पडला. “हळू!” तो ओरडला, आवाज आधी चिरकला, मग मोकळा झाला, “लेडीऽज! कडेवर बाळ!” त्याचा आवाज बाबांसारखा मुळीच नव्हता, जाडा होता आणि शेवटचा शब्द तो सगळ्यात मोठ्यानं म्हणाला. गाडीतली माणसं वळली. घोळक्यातल्या एका मुलीनं माझ्या रिकाम्या कडेकडे पाहिलं आणि मैत्रिणीला कोपर मारलं. त्या फिदीफिदी हसल्या. गाडी पूर्ण थांबली होती, मागे बस थांबली होती. मी दांडा धरला, एक पायरी उतरले, मग दुसरी, मग रस्ता. फुटपाथवर जाऊन उभी राहिले. मागे टोले पडेनात. वळून पाहिलं तर सुबल दोरीला दोन बोटं टेकवून दारात वाकला होता आणि माझ्या पायांकडे बघत होता. दोन्ही पाय फुटपाथवर होते. त्यानं ते नीट पाहिलं.

मग दोन टोले पडले आणि ट्राम निघाली.